रिकाम्या मांडवातली मंगलाष्टकं

काका कुणाच्याही घरी पाहुणे म्हणून गेले की आधी मोरीत जायचे. पाय धुवायला नव्हे. घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची, यजमान सतरंजी झटकत 'या, या' म्हणत असायचा, आणि हे आत जाऊन घरातला शेवटचा नळ शोधत असायचे. शेवटचा म्हणजे टाकीपासून सगळ्यात लांबचा, कोपऱ्यातला, कुणी वापरत नाही असा. तो सापडला की त्याच्या तोंडावर उपरण्याचं टोक टाकायचे, स्वतः मान फिरवून उभे राहायचे आणि नळ सोडायचे. पाणी कितीतरी वेळ वाहायचं आणि यजमानाचा जीव खालीवर व्हायचा. मग नळ बंद करून त्याच्या तोंडात बोट घालायचे, आतून चोळायचे आणि ते बोट उजेडात धरायचे.

"बुळबुळीत हाय," ते जाहीर करायचे. "हा नळ कवा सोडला व्हता?"

"दिवाळीला," यजमान ओशाळून म्हणायचा.

"मंग ह्ये दिवाळीचं पाणी हाय. दिवाळीच्या करंज्या आत्ता सापडल्या तर पावण्याला वाढशीन का?"

एवढं झालं की बाहेर येऊन तेच पाणी तांब्याभर गटागटा प्यायचे. यजमान आणखी गोंधळायचा. "पाणी प्यायला भिऊ नये, राव," काका मिशी पुसत सांगायचे, "पाणी हुंगायला भ्यावं."

हे काका माझे नात्याचे कुणी नव्हते. घोडेगावहून शिनोलीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांच्या पुतण्याचं मंगल कार्यालय होतं आणि मी तिथला मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे आचाऱ्याच्या सरपणापासून नवरदेवाच्या पळवलेल्या बुटापर्यंत सगळ्याला जबाबदार असलेला माणूस. माझं वय पंचवीस, लग्न झालेलं नव्हतं, आणि काकांच्या घरामागची एक खोली मला भाड्यानं मिळाली होती. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आज मी पन्नाशीला टेकलोय. काकांबद्दल लिहायचं तर मला स्वतःबद्दल लिहावं लागेल आणि ते फारसं बरं नाही, म्हणून इतकी वर्षं टाळलं.

काकांनी तीस वर्षं आखातातल्या एका मोठ्या हॉटेलात काढली. तळघरात बॉयलर आणि गच्चीवर पाणी फवारून गार करणारा मोठा सांगाडा, ज्याला ते कूलिंग टॉवर म्हणायचे, या दोहोंच्या मध्ये त्यांचं आयुष्य गेलं. काकूंचं यावरचं मत ठरलेलं होतं. "परदेशी जाऊन लोकांनी सोनं आणलं," त्या म्हणायच्या, "ह्यांनी जंतू आणला."

त्या जंतूच्या रोगाचं नाव लीजनेअर्स. काकांच्या तोंडी ते 'पलटणीचा ताप' झालं होतं. लग्नाच्या दिवशी पंगती उठल्या की आचारी आणि बँडवाले मागच्या ओट्यावर बिड्या ओढत बसायचे आणि काका तिथं आपली कथा लावायचे.

"अमेरिकेत येक हॉटेल व्हतं. लई भारी. तितं पलटणीतल्या जुन्या गड्यांचा मेळावा भरला. खाल्लं, प्याले, गारेगार हवेत बसून लढाईच्या बाता हाणल्या. घरी गेले आन धडाधड आजारी पडले. ताप, खोकला, काय बी बरळायला लागले. कितीक तर मेले."

"बासुंदी नासली असंल," क्लॅरिनेटवाला म्हणायचा.

"त्यांनी बी पयलं जेवणच तपासलं. मंग इख तपासलं. मंग आजारी डुकरं, कोंबड्या, काय काय तपासलं. म्हैनोन्‌म्हैने भिंगातून बघत बसले. शेवटी घावला. तर म्हणं हा गडी लई जुना! नदीत, तळ्यात, चिखलात कायमचा ऱ्हातो, कुनाला काय करत न्हाई. आपूनच त्याला घर बांधून दिलं. पायपात कोमट पाणी दिलं, खायला बुळबुळ दिली, आन फवाऱ्यावर बसवून मान्साच्या नाकात सोडला. लढाईतून जित्ते आलेले गडी थंड हवा खाताना गेले, बघा."

"मंग येकाचा दुसऱ्याला लागत आसंल," आचारी बिडी विझवून जरा लांब सरकायचा.

"न्हाई ना! माणूस माणसाला देत न्हाई. पाणी देतं. तुशार दिसतो न दिसतो यवढा, त्यो छातीत जातो. तरण्याला काय व्हत न्हाई बहुतेक. म्हातारा, बिडीवाला, छाती कमजोर असलेला, त्याला धरतो."

यावर सगळ्या बिड्या क्षणभर खाली यायच्या आणि पुन्हा वर जायच्या.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान पाण्याच्या उष्णतेवर उभं होतं. त्यांच्या खिशात पेनाच्या जागी तापमापक असायचा. "गरम असंल तर हात भाजला पाहिजे, गार असंल तर दात वाजले पाहिजेत," असं ते म्हणायचे. "मधलं जे कोमट, तिथं त्यो वाढतो. कोमट पाणी आन कोमट माणूस, दोन्हींवर इस्वास ठिवू न्हाई."

मी हसायचो. त्यातला कोमट माणूस म्हणजे आपणच, हे तेव्हा कुठं माहीत होतं?

एकदा पुतण्याच्या जीपमधून आम्ही सगळे लेण्याद्रीला गेलो. तीनशेच्या वर पायऱ्या चढून वर पोचलो तर काका गणपतीकडे न जाता शेजारच्या लेण्यातल्या पाण्याच्या टाकीशी वाकून बसलेले. दगडात खोदलेली, काळ्याशार पाण्याची. त्यांनी तापमापक दोरीला बांधून आत सोडला, बाहेर काढून वाचला आणि टाकीलाच हात जोडले.

"अहो, देव तिकडं हाय," काकू ओरडल्या.

"हाय, त्यो पळून जात न्हाई. पर ह्या भिक्खू लोकांचं डोकं बघ! गार दगड, अंधार, आन वरून कुनी शिपडायचं न्हाई. माझ्या पुतण्यानं येवढी अक्कल वापरली असती तर?"

पुतण्या शेजारीच उभा होता. त्यानं नुकतेच कार्यालयाच्या बारा खोल्यांत शॉवर बसवले होते आणि गच्चीवर सोलर. पाहुण्यांना ऐट वाटावी म्हणून. काकांच्या दृष्टीनं त्यानं पलटणीच्या तापाला बारा खोल्यांची धर्मशाळा बांधली होती.

त्यातून आमचा धंदा असा, की वर्षातले चार महिने कार्यालय ओस. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त बंद होतात ते तुळशीचं लग्न लागेपर्यंत. तोवर सोलर रिकाम्या इमारतीसाठी इमानेइतबारे पाणी कोमट करत बसायचा आणि ते पाणी पायपात तसंच पडून राहायचं. पौषात पुन्हा तेच. शहरातल्या हॉटेलाचं पाणी रोज वाहतं. आमचं पाणी पंचांग बघून वाहायचं.

यावर काकांनी काढलेला उपाय मी जगात दुसरीकडे कुठं पाहिला नाही. दर शनिवारी दुपारी चार वाजता ते कार्यालयात यायचे. आदल्या दिवशी सोलरच्या टाकीतली विजेची कॉइल लावून पाणी हात भाजेल इतकं तापवलेलं असायचं. मग प्रत्येक शॉवरच्या तोंडाला ओलं फडकं बांधायचं, म्हणजे पाणी खाली पडेल पण तुषार उडणार नाही. त्याला ते 'मुंडावळ्या' म्हणायचे. स्वतःच्या नाकाला उपरणं बांधायचं, नळ सोडायचा आणि दाराबाहेर येऊन खड्या आवाजात मंगलाष्टकं म्हणायची. पाच कडवी पूर्ण होईपर्यंत नळ बंद करायचा नाही.

"घड्याळ लावा ना," मी एकदा म्हणालो.

"घड्याळाकडं बघताना माणूस कंटाळतो, आन चारच मिन्टांत म्हणतो झाली पाच. मंगलाष्टक मधी सोडता येत न्हाई. अशुभ असतं."

नेहमीची कडवी संपली की ते स्वतःची म्हणायचे. चाल अगदी अस्सल:

टाकीचे जल चार मास पडुनी झाले कसे हो शिळे,
सोडा रे नळ, आत कोण लपले, बाहेर धाडा खुळे,
खोल्यांना नवरा नसे न नवरी, कुर्यात् सदा मंगलम्!

बारा खोल्या झाल्या की 'शनिवारची वही' काढायची, तारीख टाकायची आणि मी सही करायची. सही माझी, कारण मॅनेजर मी.

एका वर्षी भाद्रपदात त्यांच्या नाशिकच्या मुलीचं बाळंतपण निघालं आणि काका-काकू अडीच महिन्यांसाठी तिकडे गेले. एसटीच्या खिडकीतून त्यांनी वही माझ्या हातात दिली. "तुझ्यावर सोडून चाललोय, मॅनेजर. मंगलाष्टकं येत्यात ना?"

"येतात, काका."

पहिला शनिवार मी अगदी नेमानं केला. बारा मुंडावळ्या बांधल्या, नळ सोडले आणि रिकाम्या कार्यालयाच्या व्हरांड्यात उभा राहून मंगलाष्टक सुरू केलं. काका म्हणायचे तेव्हा ते त्यांना शोभायचं. मी पंचवीस वर्षांचा, बिनलग्नाचा. तिसऱ्या कडव्याला कुंपणाशी दोन बाया दुधाच्या किटल्या घेऊन थांबल्या.

"मॅनेजर, नवरी मोरीत बसवलीय व्हय?"

"अगं न्हाई, सराव करतोय," दुसरी म्हणाली. "पोरगी कुनी देईना, निदान नळाशी तरी लागू दे!"

दुसऱ्या शनिवारी कुंपणाशी पाच जण होते. मी सहा खोल्या करून थांबलो. तिसऱ्या शनिवारी मी गेलोच नाही. मनात म्हटलं, इथं कसली पलटण आणि कसला ताप. चौथा शनिवार आला तेव्हा तिसरा न केल्याची सवय झाली होती.

काका यायच्या आदल्या दिवशी मी वही घेऊन बसलो आणि राहिलेल्या सगळ्या शनिवारांच्या सह्या एका बैठकीत केल्या. खरं वाटावं म्हणून दोन पेनं वापरली. एका पानावर ओल्या बोटानं पाण्याचा डागही पाडला. हे लिहिताना अजून माझे कान गरम होतात. सह्यांपेक्षा त्या डागाची जास्त लाज वाटते. सही आळसानं होते. डाग पाडायला डोकं लावावं लागतं.

काकांनी आल्या आल्या वही चाळली, त्या डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शाब्बास. काम केल्याली वही अशी दिसती."

पुढचा शनिवार यायच्या आतच, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताला आमच्याकडे लग्न लागलं. नवरीचे मामा बोरी बुद्रुकचे. साठीचे, धिप्पाड, कानावर बिडी. मामाचा मान म्हणून त्यांना कोपऱ्यातली बारा नंबरची खोली दिली होती. सकाळी नऊ वाजता ते शॉवरखाली शिरले ते अर्धा तास बाहेर येईनात. आतून लावणी ऐकू येत होती. बाहेर आले ते वाफाळत. "मॅनेजर, लई भारी फवारा हाय तुमचा! आयुष्यात पयल्यांदा अंघोळ झाल्यागत वाटलं." जाताना त्यांच्याकडून दाराची आतली कडी मोडली, म्हणून सुतार येईपर्यंत ती खोली मी कुलूप लावून बंद ठेवली, शनिवारच्या फेरीतही उघडली नाही.

आठवड्यानं कळलं, मामांना सणसणून ताप आहे. खोकला, धाप, आणि बायकोला ओळखत नाहीत. पुण्याला नेलं. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. पहिल्या औषधानं उतार पडेना, दुसरं बदललं तेव्हा ताप हटला. कोणता जंतू होता, ते कुणी तपासलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. महिन्याभरानं मामा घरी आले.

काकांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुझी एम-एटी काढ." पौषातली थंडी होती. घोडेगाव ते बोरी ते गाडीवर माझ्या मागे बसून आले. मामा अंगणात बाजेवर बसले होते. निम्मे झाले होते. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"अंघोळ कशानं केली व्हती?"

"फवाऱ्यानं की! लई भारी." एवढं बोलून मामा दमले आणि छातीला हात लावून बसले.

परत आल्यावर काकांनी वही मागितली. पान पान उलटलं.

"सगळे शनिवार केले?"

तोंडाशी आलं होतं. गिळलं. "सगळे, काका."

त्यांनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. मला वाटलं होतं ते संशय घेतील, ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "मंग माझीच पद्धत चुकली."

मी त्यांना अनेकदा रागावलेलं पाहिलं होतं. असं लहान झालेलं पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवसापासून ते लोकांच्या मोरीत जाईनासे झाले. एका बारशाला यजमानानं स्वतः विचारलं, "काका, नळ न्हाई बघितला?" तर म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." काकूंनी दारात गाठून मला विचारलं, "ह्यांना काय झालंय रं? तीन दिस झाले, मला अक्कल शिकवली न्हाई." बोरीच्या मामांचं ओझं तर मनावर होतंच. वर मी काकांची तीस वर्षांची अक्कल त्यांच्या खिशातून काढून घेतली होती, आणि खोलीचं भाडं मात्र वेळेवर देत होतो.

चौथ्या दिवशी काकांनी जाहीर केलं, "बारा नंबरचा फवारा मी अंगावर घेनार."

"कशाला?"

"माझ्या मंगलाष्टकानं त्यो मरतो का न्हाई, ते कळायला नको? खोली बंदच हाय. लाइन जशी हाय तशी ऱ्हाऊ दे. मामानं नवाला केली, मी बी नवालाच करनार. मंग धा-बारा दिस बघायचं." आणि काकूंकडे वळून, "ताप आला तर पुण्याला ने, आन डागदरला सांग, पलटणीचा ताप तपासा म्हणून."

काकांची छाती तीस वर्षांच्या बॉयलरनं आधीच खरखर वाजत होती. आणि त्या पायपात कसलं पाणी आहे, हे जगात फक्त मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य न बोलता काम भागवायला मी जे केलं, ते आता सांगतो.

पहिल्या दिवशी सकाळी मी गच्चीवर जाऊन बारा नंबरच्या पाण्याचा वॉल बंद केला. नऊ वाजता काका पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून आत गेले. नळ खुर्र करून गप्प बसला.

"मॅनेजर! पाणी!"

"लाइट गेलीय, काका."

"टाकीतनं खाली यायला पाण्याला लाइट लागती व्हय?"

ते तसेच चड्डीवर गच्चीत गेले. मी मागे. "वॉल कुनी बंद केला?"

"सकाळी माकडं आली होती."

"माकडानं वॉल बंद केला?"

"लेण्याद्रीकडची असतील. ती फार हुशार असतात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पण तोवर साडेनऊ झाले होते आणि नऊ म्हणजे नऊच, म्हणून प्रयोग उद्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी मी वॉलची चकतीच काढून आचाऱ्याच्या बेसनाच्या डब्यात पुरली. काकांनी गच्चीवर जाऊन कमरेच्या पकडीनं दोन मिनिटांत वॉल उघडला आणि खाली येऊन मोरीत शिरले. आता काय? मी धावत जाऊन दारावर धपाधपा हात मारले. "काका, काकू पडल्या!"

ते चड्डीवर, खांद्यावर टॉवेल टाकून भर रस्त्यानं घराकडे पळाले. शिनोलीची एसटी मागून येत होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि खिडक्यांतून मुंडकी बाहेर आली. काकू अंगणात वाल सोलत होत्या.

"मी पडले? कुटं पडले?" त्यांनी काकांना खालून वर न्याहाळलं. "आन तुमची ही काय वरात?"

काका वळून पुन्हा माझ्याकडे पाहत राहिले. या वेळी जरा जास्त वेळ.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडे माकडं उरली नव्हती आणि काकूही. नऊ वाजले. बारा नंबरचं मोरीचं दार लागलं. आत त्यांचा खोकला ऐकू आला, मग नळाच्या चकतीवर हात ठेवल्याची बारीक कुरकुर.

"काका, सोडू नका!" मी ओरडलो. "मी शनिवार केले नाहीत. सगळ्या सह्या खोट्या आहेत."

चकतीची कुरकुर थांबली.

"किती केले?"

"दोन."

"दोनच?"

"दुसरा अर्धाच."

"म्हंजी मामाच्या अंगावर दोन म्हैन्यांच्या वरचं पाणी पडलं?"

"हो."

दार उघडलं. पट्ट्यांच्या चड्डीत काका उभे होते. मी थोबाडीत खायच्या तयारीनं डोळे मिटले, आणि ऐकलं ते भलतंच.

"अगं ए!" ते व्हरांड्यातून घराच्या दिशेनं ओरडत होते. "माझी पद्धत चुकली न्हाई! मंगलाष्टक बरोबर हाय! ह्या भाड्यानं केलंच न्हाई!"

त्यांनी आनंदानं माझ्या पाठीत एक धपका घातला. आनंद बराच होता. पाठ आठवडाभर दुखली. मग ते व्हरांड्याच्या पायरीवर बसले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा बदलला.

"बस हितं," ते म्हणाले. "माझा येक जोडीदार व्हता, केरळचा. गच्चीवरचा टॉवर धुवायची पाळी येकदा माझी व्हती. मला सिनेमाला जायचं व्हतं. त्यो म्हणाला, मी जातो. चढला, धुतला, धा दिवसांनी गेला. तवा कुनाला कायच ठावं नव्हतं. तीन वर्सांनी येक गोरा इंजिनेर आला, त्यानं सांगितलं, ह्यो रोग असा असतो." ते थांबले. "त्याच्या बायकोला मी पत्र लिवलं. चार पानांचं. पाळी माझी व्हती, एवढं सोडून सगळं लिवलं."



"तुला दोन शिक्षा हायेत," ते उठत म्हणाले. "येक शनिवारी. दुसरी, बोरीला जाऊन मामाला खरं सांगायचं. येकट्यानं."

पहिली शिक्षा त्यांनी अशी अमलात आणली, की कार्यालयाचा लाउडस्पीकर गच्चीवर चढवला. शनिवारी चार वाजता मी बाराही खोल्यांची मंगलाष्टकं माइकवर म्हटली. काकांनी रचलेल्या कडव्यासकट. ओढ्यापलीकडच्या शेतांतून लोक उभे राहून ऐकत होते. दुधवाल्या बाया ओट्यावर मांड्या घालून बसल्या होत्या. "आवाज बरा हाय," एक म्हणाली. "दिसायला असता तर!"

दुसरी शिक्षा मात्र राहिली. एकदा बोरीच्या वेशीपर्यंत गेलो आणि परतलो. एकदा मामांच्या घरावरून गाडी तशीच पुढे नेली. काकांनी महिन्यानं विचारलं, "बोरीला जाऊन आलास?" आणि मी म्हणालो, "आलो."

होय. पुन्हा.

काकांनी मान डोलावली. नंतर कधी विचारलं नाही. ते पुन्हा लोकांच्या मोऱ्यांत शिरू लागले, काकूंना अक्कल शिकवू लागले. तीन वर्षांनी गेले. छातीनं नव्हे, दुपारच्या झोपेत, शांतपणे. तेराव्याला मी पंगतीत वाढत होतो. दुसऱ्या दिवशी बोरीला गेलो.

मामा काठी टेकत दारात आले. अजून चार पावलांत दम लागत होता. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, नाहीतर पुन्हा गिळलं असतं. सह्या सांगितल्या, दोन पेनं सांगितली, पाण्याचा डागही सांगितला. मामा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"बिडीनं झालं का फवाऱ्यानं, देवाला ठावं," ते म्हणाले. "पर सांगायला लई उशीर केलास, पावणं. तुजा काका म्हणला व्हता, येईल म्हणून."

"काका परत इथं आले होते?"

"तुमी दोघं आला व्हता त्याच्यामागून दोनदा. पयल्यांदा आला ती चूक आपल्या अंगावर घ्यायला. म्हणला, पोरगं माझ्या हाताखालचं, जबाबदारी माझी. दुसऱ्यांदा म्हैन्यानं, तू येऊन गेलास का इचारायला. मी म्हणलं, पोरगं कुटाय? तर म्हणला, येईल. जरा कोमट हाय, तापायला येळ लागंल."

म्हणजे मी 'आलो' म्हणालो, तेव्हा त्यांना माहीत होतं. मान डोलावली होती ती माहीत असून.

मामा मात्र हसत होते. हसताना खोकत होते. "आन म्हणला, आला की त्याला चा पाज, आन तुज्या घरचा शेवटचा नळ दाव."

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं मामांच्या घराला मागच्या अंगाला नवी मोरी बांधली होती. फरशी, सोलर, शॉवर. मुलगा दिवाळीला यायचा तेवढीच ती उघडायची. मामांनी कडी काढली. शॉवरखाली कोळ्याचं जाळं होतं.

मी मामांना दाराबाहेर, वाऱ्याच्या बाजूला लांब बसवलं. त्यांच्या सुनेकडून ओलं फडकं मागून घेतलं, शॉवरला मुंडावळ्या बांधल्या, नाकाला रुमाल बांधला आणि नळ सोडला. आधी गढूळ पाणी आलं, मग कोमट, मग बऱ्याच वेळानं तापलेलं. दाराबाहेर येऊन मी मंगलाष्टक सुरू केलं. सून पदर तोंडाला लावून हसत होती. पाचवं कडवं झालं, मग काकांचं म्हटलं. 'खोल्यांना नवरा नसे न नवरी' इथं अडखळलो, पण मध्ये सोडता येत नाही, अशुभ असतं, म्हणून पुरं केलं.

'सावधान' म्हटलं आणि डोक्यावर काहीतरी पडलं. वळून पाहिलं तर मामा सुनेच्या सुपातला मूठभर तांदूळ घेऊन उभे होते. अर्धी मूठ माझ्यावर टाकली होती, उरलेली नेम धरून नळावर टाकत होते.